आधी आतली रेघ

दादा,

हात अजून ओला आहे, तसाच लिहायला बसलोय. तुमची नात मानछिंग बोलली! आई-बाप ग्वांगचौ शहरातल्या कारखान्यात कामाला गेल्यापासून दोन महिने पोरीने अवाक्षर काढलं नव्हतं.

उन्हाळी वर्गात मी मुलांना चिनी अक्षरांचे मूळ तुकडे शिकवत होतो. पाण्यात बुडवलेल्या कुंचल्याने फरशीवर 'सूर्य' हे अक्षर काढलं. आधी चौकट पूर्ण केली, कोपरे अगदी काटेकोर, मग आत मधली रेघ मारली. तीस वर्षं दुकानांच्या पाट्या मी अशाच रंगवल्या. एवढ्यात मागून आवाज आला, "धाकटे आजोबा, चुकलं! आधी आतली रेघ, मग खालची. दार लावून घेतल्यावर आत कसं जाणार?"

दारात बसलेल्या शेजारच्या लियाओ आजी खिदळल्या, "घ्या मास्तर, आता नातीकडे शिकवणी लावा!"

"तुला गं कुणी सांगितलं?" मी गुरकावलो.

"माझ्या आजोबांनी पाठवलेल्या पुस्तकात रेघांना आकडे घातलेत. तुम्ही ते उघडलंच नाहीत."

खरं आहे, दादा. तुम्ही शाळेत शिकलात, मी पाट्या बघून. पाटीवर तयार अक्षर दिसतं, लिहिणाऱ्याचा हात कसा फिरला ते दिसत नाही. तरी तुमचं पुस्तक मी ताठ्याने फळीवर टाकून दिलं होतं.

मी तिला कुंचला दिला आणि मुलांच्या रांगेत बसलो. अर्धा तास ती बोलत होती, मला तीनदा रागावलीसुद्धा!

हे पत्र मी टपालात टाकणार नाही, बातमी तिच्याच तोंडून कळू दे. संध्याकाळी ती स्वतःच तुम्हाला फोन करणार आहे. माझी चूक ती रंगवून सांगेल. तुम्ही तिला मध्ये थांबवणार नाही, अशी आशा आहे.

तुमचा धाकटा,
शोउजन