खालची खोली

म्हैसूर, २६ ऑगस्ट २०२४

तीर्थरूप जमुनाआत्या हिला मंजूचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

फोनवर मी भांडतो म्हणून पत्र लिही म्हणालीस, तर लिहितोय. भांडण यातही आहे, सावकाश वाच.

तुझ्या घराच्या वरच्या खोल्या पाहुण्यांना द्यायच्या तर परवानगी लागते. पाहुण्याचं ओळखपत्र घ्या, पोलीस ठाण्यात कळवा, शेजाऱ्याच्या फाटकासमोर गाडी लावू देऊ नका, सगळं कबूल केलं. अडलंय एकाच ठिकाणी. घर ज्याच्या नावावर, ते माणूस त्याच घरात राहायला हवं. नसेल तर ते घर नाही, लॉज, आणि लॉजचे नियम वेगळे. घर तुझ्या नावावर आणि तू सरगूरला जयाताईकडे. मी भाचा राहतो म्हटलं, तर भाचा चालत नाही म्हणे. ऑफिसात एवढा भांडलो की आता शिपाईसुद्धा मला नावाने ओळखतो.

तपासणीला पुढच्या महिन्यात येतील. परवानगी मिळाली तरच दसऱ्याचे पाहुणे घेता येतील. म्हणून एवढं कर, तुझी एकदोन लुगडी, जुनी चप्पल आणि चष्म्याचं घर पाठव. लुगडी मागच्या दोरीवर वाळत घालतो. तू देवळात गेलीस म्हणून सांगेन.

आजवर परवानगीशिवाय घेतले ते पाहुणे यायचे, किल्ली घ्यायचे, राजवाडा किती लांब ते विचारायचे. जेवलास का असं कुणी विचारत नाही. असो.

रागावलीस तरी लोभाला हात लावू नकोस.
तुझा मंजू


सरगूर, ३१ ऑगस्ट

चि. मंजूस जमुनाआत्याचे आशीर्वाद.

पत्र पोचलं. जयाला दाखवलं नाही, जावईबापू आठवडाभर हसले असते. अय्यो, मी धडधाकट जिवंत असताना माझी लुगडी दोरीवर टांगून मला देवळात पाठवतोस होय रे? लुगडी एकटी येणार नाहीत. आत मी असेन तरच येतील.

इथं वाईट काही नाही. जया शाळेत शिकवायला जाते, जावई शेतावर. मग टीव्ही आणि मी. नातवंडं येता-जाता ‘अज्जी, ऊट आयता’ म्हणून जेवणाचं विचारतात, पण उत्तराला थांबत नाहीत.

माझी खालची खोली मोकळी कर. जिना आता गुडघ्यांना मानवत नाही. मी येऊन राहिले की तुझा नियमही खरा होईल आणि खोटं बोलायची तुझी मेहनतही वाचेल.

वेळेवर जेव. माया आहे ती आहेच.
जमुनाआत्या


म्हैसूर, ५ सप्टेंबर

ती. आत्यास नमस्कार.

तू वरची खोली घे, मी रोज उचलून नेईन. खालची देता येणार नाही. ती मेघाश्रीची आहे.

माझ्याबरोबर इंजिनिअरिंगला होती ती. मी मधेच सोडलं, ती पास होऊन हेब्बाळच्या कंपनीत लागली. हॉस्टेल सोडून दसऱ्याला इथं राहायला येईन, रीतसर भाडं देईन म्हणाली होती. मी पिवळे पडदे लावलेत, आरसा आणलाय. ती खोली ॲपवरसुद्धा टाकलेली नाही. कॉलेज सोडलं तेव्हा सगळे म्हणाले, याच्या हातून काही तडीला जात नाही. हे जाईल. परवानगी गेली तर गेली.

तुझी माया मला हवी आहे, पण खोली मागू नकोस.
मंजू


सरगूर, १२ सप्टेंबर

चि. मंजूस आशीर्वाद.

तिची खोली असेल तर तिचीच. मी हट्ट करत नाही. पण ती हे केव्हा म्हणाली होती, आणि त्यानंतर पुन्हा कधी म्हणाली का, तेवढं स्वतःला विचार. इथं येताना मीही म्हणाले होते, चार दिवसांत परतते. माणसं म्हणतात ते त्या दिवशी खरंच असतं रे.

गौरीला जयाने नवं लुगडं घेतलं. घडी मोडलेली नाही.

लोभ आहे. उत्तर नाही दिलंस तरी राहील.
जमुनाआत्या


म्हैसूर, २१ सप्टेंबर

ती. आत्यास मंजूचा साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र फाडलं आणि हेब्बाळला गेलो. मेघाश्री कंपनीच्या बसच्या रांगेत होती. नीट बोलली. म्हणाली, अजून रिकामी ठेवलीस ती खोली? मी आपलं सुम्ने म्हटलं होतं रे, बोलायचं म्हणून. तेवढ्यात बस आली. तिने खिडकीतून हात केला, मीही केला. मी भांडलो नाही, हे तुला कळावं.

काल तपासणीचा माणूस आला. खालच्या खोलीतले पडदे, आरसा बघून त्याने विचारलं, घरमालकीणबाई इथं राहतात का. हो म्हटलं असतं तर काम झालं होतं. तोंडून निघालं, इथं कुणी राहत नाही. त्याने पूर्ण घराचं विचारलं, तर म्हणालो, घरातही कुणी राहत नाही, मी असतो. तो लिहिता लिहिता थांबला. मग म्हणाला, मालकीणबाई राहायला आल्या की पुन्हा अर्ज करा. कॉफी मात्र पिऊन गेला.

तेव्हा या दसऱ्याला पाहुणे नाहीत. पडदे काढले. तुझी बाज पुन्हा खिडकीशी लावली, आरसा वर नेला. परवानगीसाठी येऊ नकोस, अर्ज मी करणारच नाही. नुसती ये. येशील तेव्हा जेवलीस का विचारेन, आणि उत्तर येईपर्यंत थांबेन.

लोभ येताना बरोबर आण, इथला संपलाय.
तुझा मंजू