मागचा ब्रेक

गंधार,

ठरलेलं लग्न मोडताना तू म्हणालास, "तुझ्यासोबत माझा वेग कमी होतो." मी इंजिनिअर आहे. विधान तपासून पाहिलं.

त्यानंतर महिन्याभराने अंध मुलांच्या शाळेला मदत म्हणून आपला ग्रुप कोल्हापूरहून सायकलने पुण्याला निघाला. दुरुस्तीची पिशवी माझ्याकडे, म्हणून मी सगळ्यांच्या मागे. शिरवळला तुझं मागचं चाक पंक्चर झालं. मी पुढे आले तर म्हणालास, "राहू दे, तू तास लावशील." घाईत चाक तूच बसवलंस, किंचित तिरकं.

कात्रजचा जुना घाट चढताना तुझा ब्रेक चाकाला सतत घासत होता. तो आवाज मी ओळखते. एकेक जण तुझ्या पुढे गेला. बासष्ट वर्षांच्या हेमाकाकूंनी जाता जाता विचारलं, "येताय ना, गंधारराव?" मी शांतपणे मागून येत राहिले.

पुण्यात पोचल्यावर, शनिवार पेठेत शाळेच्या दारात स्वागताचा हार घालून घेताना तू म्हणालास, "थांबलीस, थँक्स. माझ्यात आता दम राहिला नाही."

काल कळलं, तू सायकल विकायला काढली आहेस.

चाक सैल करून सरळ बसवायला अर्धं मिनिट पुरतं. हे एक वाक्य लिहून गेले, म्हणून पत्र पाठवत नाही.

तुझ्या मागून आलेली,
स्पृहा