आई तुझ्याकडे येऊन गेली

पोसो सेको, सोनोरा
१६ जानेवारी

लाडके अंपारो,

तुला आणि पोरांना एकेक मुका. इकडे सगळं ठीक. कोंबड्या अंडी देत नाहीत, माझा गुडघा बोंबलतोय, म्हणजे नेहमीचंच. फोनवर बोलले असते, पण फोन स्वयंपाकघरात आणि आई कायम स्वयंपाकघरात. म्हणून लिहितेय.

काल सकाळी आपल्या गावात बर्फ पडला! हस, हस. तुम्ही मिनेसोटावाले फावड्यानं उपसून वैतागता. पण जिथे उन्हाळ्यात दाराच्या कडीचा चटका बसतो, तिथे निवडुंगांच्या डोक्यांवर पांढऱ्या टोप्या! अख्ख्या गावानं आभाळ डोक्यावर घेतलं. शेजारच्या म्हाताऱ्या फाउस्तोनं ट्रकच्या बॉनेटवर बर्फाची बाई केली, तिला बायकोची हॅट घातली आणि वितळायच्या आत मिरवायला निघाला, हॉर्न बडवत.

"कुकाबाई, चला, हिच्या शेजारी जागा आहे!"

"एक गार बाई पुरे तुम्हाला," मी म्हटलं.

वाटीत बर्फ घेऊन वर डब्यातलं गोड दूध ओतलं, लहानपणापासून ऐकत आलो होतो ना, तसंच. छान लागतं गं. पण अंगणात एकटीनं उभं राहून खाल्लं. "हे बघ" म्हणायला शेजारी कुणी तरी लागतं.

आत आले तर आईची खाट रिकामी. धावत मागच्या अंगणात गेले, तर बाईसाहेब बाकावर बसलेल्या. तू पाठवलेला निळा कोट अंगात, आठ वर्षं डांबराच्या गोळ्यांत पडलेला तो. मांडीवर पर्स. फ्रिजवर तुझे फोटो आहेत ना, सगळ्यांत बर्फच बर्फ.

"पोचले बाई एकदाची," ती म्हणाली. "किती लांब राहतेस, अंपारो!"

माझ्या डोक्यावर शाल होती. तरी आपली पोर ओळखू येऊ नये? खरं सांगते, भयंकर राग आला. सहा वर्षं हिला न्हाऊ घालते, भरवते, वेणी घालते, आणि नाव तुझं. तुझ्याकडे कागदपत्रं नाहीत, एकदा सरहद्द ओलांडून इकडे आलीस की परत पोरांकडे जाता येणार नाही, हे मला कळतं. कळतं म्हणून राग येत नाही असं थोडंच आहे?

म्हटलं, ठीक, अंपारो तर अंपारो. शेजारी बसले. तिनं माझे हात तिच्या हातात घेऊन चोळले.

मग मी मुद्दाम खवचटपणे म्हटलं, "आई, आता इथेच राहा माझ्याकडे. कायमची."

"छे गं! कुका एकटी आहे तिकडे. तिला एकटीला जेवण जात नाही. तोंडानं फटकळ, पण रात्री दोनदा उठून माझं पांघरूण बघते. झोपेचं सोंग घेते मी." मग हळूच म्हणाली, "तिला न सांगता आलेय. आता रागावेल. चल, मला घरी सोड."

अंपारो, मी उठून तिच्या कोटाचं वरचं बटण लावलं.

तिला हाताला धरून घराला वळसा घातला, खुराड्यावरून पुढच्या दाराशी आणलं. "आलं तुझं घर," म्हटलं. ती आत गेली. मी मागच्या दारानं आत जाऊन शाल काढली, एप्रन बांधला आणि चुलीपाशी उभी राहिले.

"कुठे गेली होतीस, आई?"

"अंपारोकडे. बरं आहे तिचं. पण मेली थंडी किती! आणि कॉफीसुद्धा विचारली नाही मला." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "तू जेवलीस का, कुका?"

दुपारपर्यंत सगळा बर्फ वितळला. फाउस्तोच्या बॉनेटवर नुसती हॅट उरली.

मागच्या पत्रासोबत मी पाठवलेल्या कागदाबद्दल अजून अवाक्षर काढलेलं नाही, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. वृद्धाश्रमाचा फॉर्म. दोघी मुलींच्या सह्या लागतात त्यावर. आई आता कुणालाच ओळखत नाही, असं मी लिहिलं होतं. ते खोटं होतं. ती तुला ओळखत होती, मला नाही, आणि ते लिहायची मला लाज वाटली. दमलेय हे खरं. आजही दमलेय, उद्याही दमेन. गावात बोलायला कुणी नाही, आईशी बोलावं तर ती भलतीकडेच असते. पण ती जाते तिथूनही माझ्याकडे परत यायचं म्हणते, मग तिला कुठे पाठवू?

तो कागद फाडून टाक. सही केली असलीस तरी फाड.

आणि रविवारी फोन करशील तेव्हा तिला म्हण, "आई, कॉफी न घेताच गेलीस." एवढं कर. मी शेजारीच उभी असेन.

तुझी, घरी वाट बघणारी,
कुका