पिरोश्का नेनीच्या जिन्यावर

टोरोंटो,
रविवार, ८ नोव्हेंबर १९६४

प्रिय एनिडताई,

तुझ्या धाकटीचा नमस्कार. मी ठीक आहे, तुम्हीही ठीक असाल असं धरून लिहायला बसले आहे. जायफळं निवडून निवडून तुझी कंबर मोडली असेल, मोहरीचं तेल चोळत जा. इथं थंडी यंदा लवकर आली. इस्पितळाच्या लाँड्रीतल्या वाफेतून बाहेर पडलं की केस टोपीखालीच कडक होतात. नीरफणस भाजल्याचा वास मला स्वप्नात येतो, आणि जाग आली की खालून कोबी शिजल्याचा.

कोबी म्हणजे पिरोश्का नेनी, माझी घरमालकीण. नेनी म्हणजे त्यांच्यात मावशी. नुसतं पिरोश्का म्हटलं तर तिच्या नाकाला मिरच्या झोंबतात. हंगेरीची विधवा आहे. मी 'खोली भाड्याने' ही पाटी वाचून दारं वाजवत हिंडत होते आणि प्रत्येक दारात माझा काळा चेहरा पाहून 'अय्या, आत्ताच गेली हो खोली' ऐकत होते, तेव्हा हिनं मला खालीवर न्याहाळलं आणि एवढंच विचारलं, "बर्फ उपसता येतो का?" मी जन्मात बर्फाला हात लावला नव्हता. "येतो," म्हटलं. त्याला आता दोन वर्षं झाली.

आमचं भांडण मात्र रोजचं. ती म्हणते, "तुम्ही बेटावरच्या बायका मिळवलेलं सगळं डाकेत टाकता. मग घर कधी घेणार? आम्ही बघ, आठ वर्षांत सगळ्या रस्त्यावर आमची हॉटेलं."

मीही काही कमी नाही. "तुम्हाला आणायला सरकारनं विमान धाडलं, नेनी. उतरल्यावर गरम कोट दिला, भाषेला मास्तर दिला. तुमच्या वकिलानं वर्षभर फरशी पुसली आणि मग कचेरीत बसला. आम्हाला आणताना डॉक्टरनं बाजारातल्या शेळीसारखं दातापासून टाचेपर्यंत चाचपलं. लग्न झालंय? मूल आहे? असेल तर घरी बस. नसेल तर ये, दुसऱ्याची मुलं सांभाळ. आमची मास्तरीण अजून फरशीच पुसते आहे."

त्यावर ती हसली. म्हणाली, "विमान दिलं, खरं आहे. पण विमानापर्यंत मी चिखलातून पळत गेले होते, तेवढं विसरू नकोस." आणि उठून कोबी ढवळायला गेली.

आता जे लिहायचं ते लिहिते. तू सप्टेंबरात तुझ्या कोरीनचा फोटो पाठवलास ना, चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनचा? पांढरा झगा, डोक्यावर फुलं, हात जोडलेले, आणि दिवा चमकला तेव्हा कार्टीनं डोळे मिटले. मी तो आरशाखाली ठेवलाय. नेनी चादरी द्यायला आली, तिनं विचारलं कोण ही. मी म्हटलं, माझ्या बहिणीची. एवढं म्हणून मी भिंतीकडे तोंड फिरवलं. तिनं माझा खांदा थोपटला आणि पुढं काही विचारलं नाही. मला वाटलं, बरं झालं, सुटले.

दोन तारखेला, मृतांच्या दिवशी, मी कामावरून आले. आपण स्मशानात जाऊन थडग्यांवर मेणबत्त्या लावतो तशा हे लोकही लावतात. ज्यांची थडगी मागं राहिली ते घरातच फोटोपुढं लावतात. तिच्या नवऱ्याच्या फोटोपुढं एक जळत होती. वर गेले, तर माझ्या खोलीत कोरीनपुढं दुसरी.

ताई, मी चपलेनं विझवली.

नेनी जिन्यातून म्हणाली, "अगं, बिचारीला उजेड नको का? आमच्याकडे कुमारिका गेली की नवरीसारखा पांढरा पोशाख घालून, डोक्यावर फुलं माळूनच निजवतात. फोटोत बघितलं तेव्हाच कळलं मला." तिला काय म्हणायचं होतं ते कळायला मला वेळ लागला. मिटलेले डोळे पाहून तिला तो प्रेताचा फोटो वाटला होता. मी हसणार होते. हसू आलं नाही. आपली आजी असती तर जित्या लेकराच्या नावानं मेणबत्ती लावणाऱ्याचा हात मोडला असता.

मी तिची चूक सुधारली नाही. तिच्या टेबलाशी दर रविवारी जेवायला येणारा एक गृहस्थ, परदेशातून येणाऱ्यांचे कागद तपासतात त्या सरकारी कचेरीत दुभाषा आहे. कोरीनबद्दल जितकं कमी बोलावं तितकं बरं.

परवा दुपारी नेनी स्वयंपाकघरात कणीक ताणत होती. हे लोक ती टेबलभर चादरीएवढी पातळ ओढतात. मान वर न करता म्हणाली, "तुझी छोटी आली होती."

"कोण छोटी?"

"तीच. खालच्या पायरीवर बसली होती. एक पाय अनवाणी, ओला. खसखशीची वडी दिली, तर सगळी खाल्ली. थंडी वाजते म्हणाली."

"कुठल्या भाषेत म्हणाली, नेनी?"

"आमच्याच. मेलेल्यांना सगळ्या भाषा येतात गं."

मी विचारलं, चेहरा पाहिलात का? तर म्हणे, "जिन्यात अंधार. काळाच दिसला. मग दुसरी कोण असणार, तुझीच."

ताई, कोरीन बरी आहे ना? हे पत्र मिळेल त्याच दिवशी लिही.

तुझी धाकटी बहीण, कोरीनची मावशी,
व्हर्लिन


टोरोंटो,
रविवार, २२ नोव्हेंबर

ताई,

तुझं पत्र नाही. बोट चुकली असेल, पोस्टमास्तर प्यालेला असेल, वादळ असेल. मी स्वतःला रोज नवं कारण सांगते.

ती पुन्हा आली म्हणे. दोनदा. नेनी आता तिच्यासाठी बशी काढून ठेवते, आणि गुरुवारी माझी सुट्टी असते तेव्हा मी पाहिलं, बशीत फक्त त्यांच्या काळ्या खसखशीचे दाणे उरले होते. म्हटलं, उंदीर. पण खालची पायरी ओली होती. मी फडक्यानं पुसली. या शहराचा चिखल मी रोज पुसते, तो करडा असतो, त्यात मीठ असतं. हा काळा होता, दलदलीतला, आणि त्यात लव्हाळ्याची पात होती. इथं ट्रामच्या रस्त्यावर लव्हाळं कुठून येणार?

गुरुवारी आमच्या बायका चर्चच्या तळघरात जमतात. त्यांना सांगितलं, तर एक म्हणाली, घरात उलट्या पावलांनी शिर, म्हणजे मागं येत नाही. दुसरी म्हणाली, रम शिंपड. मी दोन्ही केलं. नेनीनं मला उलटं चालत आत येताना पाहिलं आणि विचारलं, "गुडघा दुखतो का?"

हसलीस ना? मीही हसले. मग खोलीत जाऊन उशीत तोंड खुपसून रडले. कारण मला ती मागं यायला नको, असं मी कसं म्हणू? माझंच लेकरू थंडीत पायरीवर बसलंय, आणि मी उलटी चालते आहे.

घे, लिहिलं. तीन वर्षं प्रत्येक पत्रात 'तुझी कोरीन' लिहीत आले. पत्रं कुणाच्या हाती पडतील म्हणून, आणि मूल आहे असं कळलं तर मला परत धाडतील म्हणून. तू तिला सांभाळलंस, ती तुला आई म्हणते, ते बरोबरच आहे. पण ती चार वर्षांची असताना मी तिला तुझ्या कडेवर देऊन निघाले, तेव्हा ती माझी होती. ती गेली असेल तर मला सांग. लपवू नकोस. मी तिची आई आहे.

परवा नेनीला विचारलं, तुम्हाला भीती नाही वाटत? म्हणाली, "लहान मुलाची कसली भीती? उलट घरात जरा पावलं वाजतात." मग तिनं फडताळातून तो बूट काढला. तुला मी मागं लिहिलं होतं की तिच्याकडे लहान मुलाचा एकच बूट आहे, डाव्या पायाचा. कुणाचा ते मी कधी विचारलं नव्हतं. या वेळी तिनं आपणहून सांगितलं.

तिला मुलगी होती, युदित, पाच वर्षांची. छप्पन साली बंड चिरडल्यावर सरहद्द ओलांडून पळताना मुलं रडू नयेत म्हणून त्यांना झोपेचं औषध पाजायचे. पुढं दलदल, माणसाएवढं लव्हाळं. आकाशात उजेडाचे गोळे फुटले, गोळीबार झाला, आणि माणसं दहा दिशांना पळाली. मुलगी पाण्यात निसटली. नेनीच्या हातात फक्त बूट आला. पलीकडे कुणीतरी म्हणालं, एका शेतकऱ्यानं एक झोपलेली पोर उचलून नेली. तेव्हापासून ती दरवर्षी चौकशीला लिहिते. "आता तेरा वर्षांची असेल," म्हणाली. "माझ्यासारखी उंच. माझं ऐकणार नाही."

म्हणून ती युदितसाठी मेणबत्ती लावत नाही. नवऱ्यासाठी लावते, तुझ्या-माझ्या पोरीसाठी लावते. युदितसाठी नाही.

मी ते ऐकलं आणि ऐकून सोडून दिलं. माझ्या डोक्यात दुसरं काही मावत नव्हतं. लिही, ताई. तुला देवाची शपथ.

व्हर्लिन


टोरोंटो,
रविवार, ६ डिसेंबर

ताई गं,

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं! बंदरावरच्या संपात अडकलं होतं म्हणे. संपवाल्यांचं तळपट होवो, आणि पगारही वाढो. मी लाँड्रीत ते मोठ्यांदा वाचलं. कोरीनचा पुढचा दात पडला, ती शेजारणीच्या आवळ्याच्या झाडावरून पडली आणि उठून पुन्हा चढली, वहीत माझं चित्र काढलं आणि मला बर्फाचे पाय दिले! बायकांनी मला चादरीच्या गाड्यात बसवून खोलीभर फिरवलं. मुकादम ओरडला, तर त्यालाही एक फेरी दिली.

ट्राममध्ये बसले तेव्हा हसू हळूहळू ओसरलं. कोरीन धडधाकट आहे. तिला आपली सोडून कुठलीही भाषा येत नाही. खसखस तिनं जन्मात पाहिलेली नाही. तिचे दोन्ही पाय कोरडे आहेत. मग पायरीवर कोण आहे?

मला उत्तर माहीत होतं. तुलाही आत्ता कळलं असेल. फक्त एका बाईला माहीत नव्हतं, आणि तिला कळायचा एकच रस्ता होता, की मी तोंड उघडून म्हणावं, माझी मुलगी जिवंत आहे.

एक रात्र आणि एक दिवस मी गप्प बसले. काय गंमत बघ. तीन वर्षं मी माझी पोर लपवली ती माझ्या पोटासाठी, आणि आता या बाईसाठी लपवावीशी वाटली. मी तिला रोज हिणवते, की तुम्हाला सगळं आयतं मिळालं, कोट मिळाला, कर्ज मिळालं, घर मिळालं. आणि माझ्याकडे जे आहे त्याच्यासाठी ती हे घर विटांसकट देऊन टाकेल.

काल संध्याकाळी ती स्वयंपाकघरात बूट घासायला बसली. पाच डिसेंबरला त्यांची मुलं बूट चकचकीत करून खिडकीत ठेवतात, सकाळी संत त्यात खाऊ टाकून गेलेला असतो. ती दरवर्षी हा एकच बूट ठेवते आणि अक्रोड स्वतःच भरते. तो रविवारचा दुभाषाही आला होता, कॉफी पीत होता. मी म्हटलं, आत्ता नाही तर कधीच नाही.

"नेनी," मी म्हटलं, "फोटोतली कोरीन मेलेली नाही. तिनं नुसते डोळे मिटले होते. आणि ती बहिणीची नाही, माझी आहे. कालच पत्र आलंय."

दुभाष्यानं कप खाली ठेवला. नेनी बूट घासतच राहिली.

"दोन्ही पाय धड आहेत?" तिनं विचारलं.

"आहेत."

"झाडावर चढते?"

"चढते."

"बरं," ती म्हणाली. बुटावर आणखी एकदा ब्रश फिरवून पुन्हा म्हणाली, "बरं." मग ती उठली. बुटात अक्रोड भरले नाहीत, खिडकीकडे गेली नाही. जिन्यापाशी जाऊन तिनं तो खालच्या पायरीवर ठेवला, बंद सोडून, पाय सहज जाईल असा. शेजारी एक मेणबत्ती लावली. तिच्या भाषेत काहीतरी म्हणाली. मला फक्त नाव कळलं. मी तिच्याजवळ बसले आणि आम्ही दोघी रडलो. तिचं रडणं मी याआधी ऐकलं नव्हतं.

आज सकाळी पायरी कोरडी होती. मेणबत्ती जळून संपली होती. बूट नव्हता.

मी उचललेला नाही, ताई. दुभाषा रात्रीच गेला होता, आणि दाराला आतून कडी होती. नेनीनं शोधला नाही. तिनं पायरी पुसली, कॉफी ठेवली आणि मला म्हणाली, "वरची मागची खोली रिकामी आहे. तुझ्या पोरीला बोलव. बर्फ उपसायला मला आता होत नाही."

दुभाषा सांगेल की नाही, ते त्याचं तो जाणे. जाताना त्यानं हॅट काढली होती, एवढंच सांगते. उद्या मी स्वतःच कचेरीत जाऊन सांगणार आहे, मला मूल आहे. परत धाडलं तर तुझ्या दारात येईन, नाही धाडलं तर ती माझ्या दारात येईल. कसंही झालं तरी तुझ्यापासून तिला तोडणार नाही, दोन आया असलेल्या पोरीचं काही बिघडत नाही.

तिला उबदार बूट लागतील. कागदावर तिचे पाय ठेवून भोवती पेन्सिल फिरव आणि तो कागद पाठव. दोन्ही पाय, ताई. आणि पुढच्या फोटोत डोळे उघडे ठेव म्हणावं, असं सांगितलंय

कोरीनच्या आईनं,
व्हर्लिननं