दोन्ही पायांना एकदम

अण्णा,

आज कपडे धुण्याच्या मशीनने माझा एक मोजा गिळला. घोर अन्याय आहे हा. दुरुस्तीवाल्याला बोलावलं, तर तो म्हणतो, "साहेब, एक तरी राहिला ना?" म्हणजे नुकसान निम्मंच झालं म्हणून मी आभार मानायचे. त्याच्यावर खेकसणार होतो, पण हातातल्या एकट्या मोज्याकडे बघितलं आणि त्याचे पैसे देऊन टाकले.

मी कॉलेजात होतो, त्या थंडीत तुम्ही मोर्च्यातून लंगडत आलात. एकलहऱ्याला वीज केंद्रात तुमची नोकरी कायम, मोर्चा कंत्राटी पोरांचा, आणि पोलिसांची रबरी गोळी बसली ती तुमच्या डाव्या गुडघ्यामागे. रक्ताचा थेंब नाही, नुसता निळा वळ. माझा पहिला विनोदी लेख त्याच दिवशी छापून आलेला, म्हणून जीभ सैल. "रबरच ना? जपून ठेवा, पेन्सिल खोडायला होईल." तुम्हीही हसलात. आई फडक्यात मीठ बांधून शेकतेय. "पाय बधिर झालाय गं," तुम्ही म्हणताय. "गारठ्यानं थंड पडलाय," म्हणत ती त्या पायात लोकरीचा मोजा चढवते आणि माझ्याकडे वळते, "लेख आलाय ना? पाया पड त्यांच्या." माणसाने माणसापुढे वाकू नये, हे माझं कॉलेजातलं ताजं तत्त्व. मी दारातूनच हात जोडले. "राहू दे," तुम्ही म्हणालात, "त्याची कंबर मोडेल."

सकाळी त्या पायाची बोटं काळीनिळी. आत रक्तवाहिनी चेचली होती, तिथे रक्त गोठलं होतं, खाली काही पोचतच नव्हतं. दवाखान्यात डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "काल दोन्ही पायांना एकदम हात लावून कुणी बघितलं नाही? एक गरम, एक बर्फ. शेंबड्या पोरालाही कळलं असतं. संध्याकाळी आणलं असतं तर पाय वाचला असता."

दोन्ही पायांना एकदम हात. आपल्याकडे त्याला नमस्कार म्हणतात. डॉक्टरांचं हे बोलणं मी आईला सांगितलं नाही, तुम्हालाही नाही. कुबड्यांवर अकरा वर्षं काढलीत, तेवढ्यात एकदाही नाही.

सरकारी भाषेत त्या गोळीला 'कमी घातक' म्हणतात. खरंच आहे, तुम्ही मेला कुठे होतात. नंतरही मोर्चे निघाले, गोळ्या सुटल्या, दर वेळी मी बोचरं लिहिलं. लोक हसले. माझ्या लेखांनी एक पाय वाचला असेल, तर मला माहीत नाही.

हे पत्र टाकणार कुठे? घडी करून त्या एकट्या मोज्यात ठेवतो. दुकानदार एकच चप्पल देत नाही म्हणून तुम्ही दर वेळी जोड आणायचात. शेवटचा जोड आज माळ्यावरून काढला. उजवी झिजलेली, डावी कोरी. शेजारी शेजारी मांडल्या, वाकलो, दोन्हींना एकदम हात लावला.

दोन्ही सारख्याच गार होत्या. उठताना कंबर धरली, अण्णा. तुमचं बरोबर होतं.