खड्यांचा कौल

३ फेब्रु. २००३, सोम. दवाखाना.
तिसरी खेप. आणि दोष परत माझ्याच जिभेला. आमचे हे अख्ख्या वॉर्डाला सांगत सुटलेत, हिने वडे खाल्ले म्हणून आलो. दीड खाल्ला. तोही पुतणीच्या साखरपुड्याचा. पित्ताच्या पिशवीत खडे आहेत, ते खाली सरकले की स्वादुपिंड सुजतं, पिशवीच काढा, हे डॉ.बाई गणपतीपासून सांगतायत. सही करायची सोडून हे मला घरी नेतात. का, तर गावदेवीला कौल लावला, मूर्तीला चिकटवलेल्या फुलकळ्यांतली उजवी पडली, म्हणजे बरी होणार. झाले ना बरी. गणपतीत झाले, दिवाळीत झाले, आणि परत इथेच.
डॉ.बाईंनी ही वही दिली, खाल्लेलं लिहा म्हणून. आज खाल्लेलं: काही नाही. पाणीही नाही. सलाइन.

४ फेब्रु.
कळ थेट पाठीत. लिहवत ना

६ फेब्रु.
उतरली. शहाळ्याचं पाणी, चार घोट. काय चव!
शेजारच्या खाटेवर बुरोंडीची पार्वती, मासे विकते. दुखणं माझंच. तिची पिशवी सोमवारीच काढली. खडे इंजेक्शनच्या बाटलीत घालून उशाशी ठेवलेत, येईल त्याला खुळखुळ वाजवून दाखवते. म्हटलं, कुड्या करून घाल कानात. "हसवू नको गो, टाके उसवतील." मग दोघी पोट धरून. नर्स ओरडली. गणपतीपासून अशी हसले नव्हते.

७ फेब्रु., शुक्र.
डॉ.बाईंनी ह्यांना समोर बसवलं. सूज ओसरतेय, घरी न नेता बुधवारी काढून टाकू. नेलीत तर चौथी खेप येईल, आणि ती निभावेलच असं नाही. हे म्हणे, देवीला विचारून सांगतो. पार्वतीने बाटली वाजवली.
बाई गेल्यावर तिनेच ह्यांना धरलं, भाऊ, देवीला विचारता तरी काय? तर म्हणे, बायको बरी होऊन घरी येईल ना, एवढंच.
मला हसू आवरेना. अहो, विचारलंत तेवढ्याला तिने उत्तर दिलं. आले की घरी दोनदा. पिशवी काढू का, हे कुठे विचारलंत? गाऱ्हाणं अर्धं घालायचं नि भरवसा पुरा ठेवायचा.
तर हे हळूच, "आणि डावी पडली असती तर मी काय करायचं होतं गो?"
माझा हात धरला. भर वॉर्डात. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, हे पहिल्यांदा. पार्वतीने तोंड भिंतीकडे केलं, पण खांदे हलत होते मेलीचे.

८ फेब्रु., शनि.
खाल्लेलं: पेज, दोन वाट्या. तिसरी मागितली, दिली नाही.
हे गावी गेले. प्रश्न मीच कागदावर लिहून दिलाय, मोठ्या अक्षरात. गुरवाने तस्सा वाचायचा, पदरचं काही घालायचं नाही. "पिशवी बुधवारी काढू ना?"
खाली माझं वेगळं लिहिलं:
आई, शिमग्याला तुझी पालखी अंगणात येईल तेव्हा ओटी मी भरणार, उभी राहून. खाटेवरून नाही. डॉ.बाई मंगळवारी सकाळी सही मागतील. उजवी दिलीस तर हे करतील. डावी दिलीस तर मी करीन, चौथी शिकलेय, नाव लिहिता येतं. तरी तुझं म्हणणं मला हवंय. सोमवारी दिवेलागणीच्या आत सांग.