अजितचा डावा पाय

६ जानेवारी
आज परत अजितला गाडीवर घालून लासुर्ण्याहून जळोचीच्या दवाखान्यात नेलं. गुडघ्याच्या ऑपरेशनला तीन महिने झाले. तालमीत हजार बैठका मारणारा गडी, आता खुर्चीवरून उठताना दोन्ही हातांनी खुर्ची धरतो! शेजारच्या म्हाताऱ्या बाया बघत होत्या. मान खाली माझी गेली.

घरी सोडलं तर त्याच्या आईनं, चंद्राकाकूंनी, हातावर लाडू ठेवला. "लखन, तू हायस म्हणून बरं, बाबा." लाडू तसाच खिशात घातला.

९ जानेवारी
व्यायाम घेणाऱ्या प्रगती मॅडमनी आज अजितच्या दोन्ही मांड्यांना वायरीच्या चकत्या चिकटवल्या. गुडघ्यांभोवती रबरी पट्टा. "उठा." स्क्रीनवर उजव्या पायाच्या रेघा नाचल्या. डाव्या मांडीची पुढची रेघ झोपलेलीच! मागची मात्र नको तेवढी उसळत होती.

"पुढच्या स्नायूनं उचलायचं, मागच्यानं साथ द्यायची. इथं मागचाच आवळून बसतोय," मॅडम म्हणाल्या. "ताकद आलीय हो. पण त्यांचा त्या पायावर भरवसाच नाही."

अजित हसला. "कसा असंल? उठता उठता आपसूक मुडपला की! परत दगा दिला तर?"

आपसूक मुडपला — हे त्याला मीच सांगितलेलं.

१० जानेवारी
लिहूनच टाकतो. गेल्या पावसाळ्यात वस्ताद बापूसाहेबांनी येत्या चैत्रातल्या जत्रेच्या मोठ्या कुस्तीला अजितला निवडलं. मला नाही. दुसऱ्याच दिवशी सरावात आमची जोड. तो पालथा मातीत, त्याचा घोटा माझ्या मुठीत. वस्तादांची टाळी वाजली. टाळी झाली की हात सोडायचा, हा आमच्या तालमीचा कायदा. अजित अंग सैल सोडून उठायला लागला. मी सोडलं नाही. एक पीळ दिला. एकच!

तो ओरडला. त्याचं तोंड मातीकडं, त्याला काही कळलंच नाही. मीच आधी बोललो — "उठताना मुडपला रं तुझा." सगळ्यांना तेच पटलं.

११ जानेवारी
आज सांगणार होतो. गाडीवर सगळी वाट उसाच्या भावाच्याच गप्पा मारल्या.

१४ जानेवारी
संक्रांत. अजितच्या घरी गेलो नाही. थू माझ्या जिंदगानीवर!

१६ जानेवारी
वस्ताद म्हणाले, "लखन, जत्रंला आता तूच उतर. अजितच म्हनला, लखनला उतरवा." धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

तडक अजितकडं गेलो. ओट्यावर खुर्चीत बसला होता. त्याच्यापुढं उभा राहून टाळीचं सांगितलं, पिळाचं सांगितलं. "तुझा पाय आपसूक मुडपला न्हाय, अज्या. म्या मोडला."

त्यानं कानाखाली अशी ठेवून दिली की डोळ्यांपुढं काजवे चमकले! "चालता हो हितनं! परत तोंड दावू नगंस!"

काकू दारातच उभ्या होत्या. त्या पाठ फिरवून आत गेल्या.

१७ जानेवारी
वस्तादांनाही सांगितलं. माझी तालीम बंद, जत्रा बंद. बरोबरच आहे त्यांचं. अजित आज एसटीनं एकटा दवाखान्यात गेला.

१८ जानेवारी
गाल अजून ठणकतोय. सकाळी दाढी करताना एकदम डोक्यात आलं — मी उभा होतो, अजित खुर्चीत. म्हणजे कानाखाली मारायला तो उठला होता! खुर्ची न धरता, एका दमात, दोन्ही पायांवर! त्याच्या तरी ध्यानात आलंय का, कुणास ठाऊक. सांगायला जायला मला तोंड नाही.